बुटक्यांची आगटी

जानेवारीत मुंबईला दोन-चार दिवस थंडीची हुक्की येते. पहाटे अंगावर गोधडी ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारपर्यंत सगळ्यांना त्याचा विसर पडतो. त्या दिवसांत आमच्या इमारतीचा वॉचमन सुकी पानं, खोक्यांचे पुठ्ठे गोळा करतो आणि फाटकापाशी पेटवून हात शेकत बसतो. तो धूर वर आमच्या मजल्यापर्यंत येतो. घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मी मात्र हातातलं काम टाकून उठते आणि एकेक करून खिडक्या लावून घेते. सुनेला वाटतं, आईंना धुराचा त्रास होतो. मी तिला तसंच समजू देते.

यंदा अशाच एका संध्याकाळी माझी नात सई टॅब घेऊन जवळ येऊन बसली. ‘‘आजी, बघ ना, यांचा सण चाललाय.’’ पडद्यावर डोंगराच्या पोटातली गुहा होती. कमरेएवढ्या उंचीची माणसं, वेण्या घातलेल्या दाढ्या, हातात हातोडे. मोठ्या भट्टीभोवती ते बुटके फेर धरून नाचत होते आणि नाचता नाचता आगीत काहीबाही टाकत होते. ‘‘हे जमिनीखाली राहतात. वर्षातून एकदा त्यांचा आगीचा सण असतो. त्याचे खूप नियम असतात,’’ सई मला समजावून सांगत होती.

‘‘ठाऊक आहेत मला. पण यांनी चुकवलंय,’’ मी म्हटलं. ‘‘नवी आग पेटवायच्या आधी सगळ्या जुन्या आगी विझवाव्या लागतात. मग अंधारात बसावं लागतं.’’

सई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. ‘‘तुला कुणी सांगितलं?’’

सांगितलं होतं एका बुटक्यानेच.

लालबागहून काळाचौकीकडे जाताना आमची चाळ होती. पहिल्या माळ्यावर आमची खोली आणि शेजारच्या खोलीत सदूकाका. मालवणाकडचा, एकटा माणूस. वयाने माझ्या वडिलांएवढा, उंचीने नऊ वर्षांच्या माझ्याएवढा. डोकं, छाती, हात मात्र पुरत्या वाढलेल्या पुरुषाचे. मिशा होत्या, आणि त्या नुसत्या नव्हत्या. खोबरेल लावून, पीळ देऊन, टोकं वर काढलेल्या. त्या मिशांवर त्याचा सगळा जीव. कारण मिशा दिसल्या नाहीत, तो पाठमोरा असला, की माणसं त्याला पोरगं समजायची. ट्राममध्ये कंडक्टरने एकदा चुकून हाफ तिकीट फाडलं, तर सदूकाका परळ ते भायखळा भांडत गेला होता. ‘‘ए बाळा’’ म्हणून कुणी हाक मारली की त्याचे कान लाल व्हायचे. त्या हाकेला त्याने कधी ओ दिल्याचं मला आठवत नाही.

गिरणीत त्याचं काम बॉयलरवर. सुट्टीच्या दिवशी बॉयलर थंड केला की आत शिरून काजळी खरवडायची. ज्या भोकातून दुसऱ्याचा खांदा जात नसे, तिथून सदूकाका आख्खा जाई. संध्याकाळी यायचा तेव्हा डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसायचं. नळावर अंग घासून घासून धुवायचा आणि मग आम्हा पोरांना जवळ बसवून गोष्ट सांगायचा. गोष्ट एकच. त्याच्या माणसांची.

‘‘तुमच्या पायांखाली आमी रवतो,’’ तो म्हणायचा. गिरणीच्या खाली, चाळीच्या खाली, पार रे रोडच्या लाकडाच्या वखारींपर्यंत बुटक्यांचा मुलूख पसरलेला आहे. जमीन उबदार राहते ती त्यांच्या चुलींमुळे. वर्षातल्या सगळ्यात गार दिवशी ते आपल्या सगळ्या चुली विझवतात. अंधार होतो. त्या अंधारात लहानथोर सगळे एकमेकांना चिकटून बसतात आणि प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं असतं. शेवटच्या बुटक्याचं सांगून झालं की मगच नवी आग पेटते. त्या एका आगीतून मुलखातल्या घराघरात निखारा पोचवायचा. निखारा नेणाऱ्याने पळायचं नाही. आणि विस्तव मागणाऱ्याला तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही.

संक्रांतीच्या आसपास आम्ही पोरं चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत हा सण खरोखरच करायचो. बुटक्यांची आगटी. गोणपाटाचे धागे उसवून दाढ्या करायच्या, कानांना दोऱ्याने बांधायच्या. त्या दाढ्यांना कांद्याबटाट्याचा वास यायचा. सदूकाका मधोमध बसायचा. ‘‘माका सोंग घेवक नको,’’ म्हणायचा आणि मिशीला पीळ द्यायचा. दिवेलागणीच्या अंधुक उजेडात आम्ही एकेक करून भीती सांगायचो. मला संडासाच्या बोळातल्या अंधाराची भीती वाटते. मला हेडबाईंची. मला घुशीची. सगळे हसायचे. सदूकाका हसायचा नाही. प्रत्येकाची भीती मान डोलवून ऐकून घ्यायचा, जणू ती कुठेतरी नीट ठेवून द्यायची आहे. त्याची स्वतःची भीती मात्र त्याने कधी सांगितली नाही. पाळी आली की म्हणायचा, ‘‘मी आगवाल्यांचो म्होरक्यो, माझी सगळ्यात शेवट,’’ आणि काडी ओढायचा.

आता लोक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या त्या वर्षांबद्दल बोलतात तेव्हा अभिमानाने बोलतात. मोर्चे, सभा, ‘झालाच पाहिजे’ची गर्जना. तेही होतंच. माझे बाबा सत्याग्रहात पकडले गेले होते आणि शाळेत मी ते मान वर करून सांगत असे. पण खरं सांगायचं तर त्या हिवाळ्याची माझी पहिली आठवण गर्जनेची नाही. माझ्या तोंडावर घट्ट दाबलेल्या आईच्या हाताची आहे. त्या हाताला राखेचा वास होता. आई घाबरू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

करफ्यू लागला तेव्हा सुरुवातीला आम्हा पोरांना शाळा बुडाल्याचा आनंद झाला. मग गल्लीच्या तोंडाशी पोलिसांच्या गाड्या येऊन थांबल्या. हे आमचे नाक्यावरचे, ओळखीचे शिपाई नव्हते. बाहेरून आणलेले, हिंदी बोलणारे, खांद्याला बंदुका. रात्री दगड सुटले, सोडावॉटरच्या बाटल्या फुटल्या, आणि मग गोळ्या. अश्रुधुराने डोळे भाजून निघाले; ओली फडकी तोंडावर धरून आम्ही जमिनीवर पालथे पडून राहिलो. सकाळी वरच्या माळ्यावरच्या पाण्याच्या पिंपाला भोक पडलेलं दिसलं. पाणी गॅलरीतून आमच्या दारात टपटपत होतं. आई त्या पाण्याकडे बघत म्हणाली, ‘‘ते भोक माणसाच्या छातीच्या उंचीवर आहे गं.’’ एवढंच बोलली आणि तिने दार लावून घेतलं. त्यानंतर आम्ही खिडकीसमोरून जाताना रांगायला शिकलो.

घाबरलेल्या चाळीला एक विचित्र शांतता असते. एरवी चाळ म्हणजे नळावरची भांडणं, पाटा-वरवंटा, रेडिओ, कुणाचं तरी रडणारं पोर. ते सगळं आत ओढून घेतल्यासारखं झालं. माणसं कुजबुजत बोलू लागली. भाकरी थापण्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. गिरण्यांचे भोंगे बंद झाले होते, त्यामुळे वेळ कळत नसे.

मग एका दुपारी पोलीस जिन्याने वर आले. गॅलरीच्या कठड्यावरून काठी घासत चालल्याचा तो खडखडाट अजून माझ्या कानात आहे. गल्लीत कुणीतरी टायर पेटवले होते, म्हणून झडती. आमच्या खोलीत दोघे शिरले. फडताळ उघडलं, डबे उलटे केले, अंथरुणं पायाने चाळवली. जाताना रॉकेलची बाटली आणि काडेपेटी उचलली. देवापुढची काडेपेटीसुद्धा. सगळ्या खोल्यांमधून त्यांनी तेच नेलं. गल्लीपलीकडे, समोरच्या बैठ्या खोल्यांतूनही नेलं.

पोलीस गेले आणि आईने पहिल्यांदा चुलीत हात घातला. राखेखाली निखारा जिवंत होता. ‘‘आहे,’’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून आमच्या माळ्यावर ती एकच आग उरली. बायका रांगत रांगत शेगड्या घेऊन यायच्या, निखारा घेऊन जायच्या. त्यांचा विझला तर पुन्हा यायच्या. आई रात्री उठून राख बाजूला करून बघायची. मला झोपेत तो लाल उजेड दिसायचा आणि कुणाचं तरी आजारपण चालू आहे असं वाटायचं.

समोरच्या बैठ्या खोल्यांत त्या दिवसांत दोघीच उरल्या होत्या. बाकीची बिऱ्हाडं नातेवाइकांकडे निघून गेली होती. एक यमुनावहिनी, पोटुशी, दिवस भरत आलेली. तिचा नवरा केशव गोदीत कामाला. तो करफ्यूच्या आदल्या दिवशी कामावर गेला तो परतलाच नव्हता. तिकडेच अडकला असेल, असं सगळे तिला सांगत होते. दुसरी ठकूबाई, घाटावरची म्हातारी, सुईणपण जाणणारी. एका पहाटे समोरून पोराचं रडणं ऐकू आलं. बारीक, मांजराच्या पिलासारखं. गॅलरीतली दारं किलकिली झाली, बायका एकमेकींकडे बघून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं.

दुपारनंतर ते रडणं कमी कमी होत गेलं. मग ठकूबाईने खिडकीतून हाक मारली, ‘‘बायांनो, इस्तू द्या गं कुणीतरी! दिस भरायच्या आत झालेलं पोर हाय, गार पडाया लागलंय. कोळसा हाय, पर पेटवू कशानं?’’

गल्लीची रुंदी ती केवढी. एरवी आम्ही पोरं एका दमात इकडून तिकडे जायचो. पण गल्लीच्या तोंडाशी बंदूकधारी शिपाई उभा होता. दार उघडून रस्त्यात येणाऱ्यावर गोळी, असं पोलिसांच्या गाडीवरच्या भोंग्यावरून सांगून झालं होतं. त्यातून हातात आग घेऊन येणारा! त्याला कोण विचारत बसणार, तू काय पेटवायला निघालास म्हणून?

आमच्या खोलीत दोघं-तिघं जमली. पलीकडच्या खोलीतली राधामावशी म्हणाली, ‘‘दिवस मावळतीला आलाय. या वेळेला चुलीतला विस्तव घराबाहेर देऊ नये. लक्ष्मी जाते.’’ राधामावशी घाबरून बोलत होती हे मला आता कळतं. ‘‘मी जाते,’’ आई म्हणाली. ‘‘बाईवर नाही झाडणार.’’

‘‘परवा नाक्यावर पडली ती कोण होती?’’ राधामावशी म्हणाली.

मी आईचा पदर मुठीत धरला. बाबा तुरुंगात. आई गेली तर? मी ओरडले नाही, रडले नाही, नुसती ती मूठ सोडेना. आईने बोटं उकलायचा प्रयत्न केला आणि मग तीच खाली बसली.

सदूकाका दारात उभा होता. तो कधी आला कळलं नव्हतं. तो बाबांच्या आरशाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘‘वैनी, भाऊंचो वस्तरो दिया.’’

‘‘वस्तरा कशाला, सदूभावजी?’’

‘‘दिया तर.’’

कुणाला काही कळायच्या आत त्याने आरशासमोर उभं राहून मिशीला पाणी लावलं आणि एका बाजूने वस्तरा ओढला. दुसऱ्या बाजूने ओढला. हात अगदी स्थिर. मिशीचे केस त्याने हातात घेतले, क्षणभर बघितले आणि मोरीत टाकले. तो वळला तेव्हा मला त्याची ओळख पटेना. वरचा ओठ पांढरा, उघडा, लहान मुलासारखा दिसत होता.

‘‘आयुष्यभर माका पोर म्हणत इले ना? मगे आज पोर होतंय,’’ तो म्हणाला. ‘‘दूध घेवन जाणाऱ्या पोराक कोण गोळी घालूचो नाय.’’

‘‘घालतील, भावजी,’’ आई म्हणाली. ‘‘त्यांनी पोरांवरही घातल्यात.’’

‘‘म्हायत आसा माका.’’

शेजारच्या मुलाची अर्धी चड्डी आणली. केस पिकायला लागलेले होते, ते झाकायला माकडटोपी घातली. त्या थंडीत पोरांच्या डोक्यावर ती असायचीच. आईने दुधाच्या किटलीत तळाशी राख घातली, तीवर निखारे, वर पुन्हा राख, आणि झाकण दाबलं. चुलीत दोनच निखारे उरले. किटलीची कडी लगेच तापली. आई फडकं गुंडाळू लागली तर सदूकाकाने हात आडवा केला. ‘‘दुधाच्या किटलीक फडक्या कोण गुंडाळता? ती थंड दिसाक होयी.’’ आणि त्याने ती तापलेली कडी उघड्या मुठीत धरली. बॉयलरमध्ये वावरलेला तो हात. तरी मी त्याचा जबडा आवळताना पाहिला.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. आईने मला खिडकीपासून ओढून घेतलं, पण खिडकीच्या मिटलेल्या फळीच्या फटीतून दिसत होतं. खालचं दार उघडलं. माकडटोपीतलं ते ठेंगणं रूप गल्लीत आलं. सदूकाका आपल्या चालीने चालत नव्हता. तो पोरासारखा चालत होता, पाय थोडे फेकत, किटली मांडीला आपटू देत. मला वाटलं, हे तो कुठे शिकला? मग वाटलं, आम्हाला बघूनच की.

‘‘ए लडके! रुक!’’

गल्लीत इतकी शांतता होती की शिपायाच्या बुटाचा प्रत्येक आवाज आम्हाला ऐकू येत होता. सदूकाका थांबला. शिपाई जवळ आला. बंदूक हातात, नळी खाली पण सदूकाकाच्याच दिशेने. नळी खाली असली तरी सदूकाकाच्या छातीच्या समोर येत होती, एवढाच तो उंच.

‘‘क्या है इसमें?’’

‘‘दूध,’’ बारीक आवाजात सदूकाका म्हणाला.

शिपायाने किटलीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्याने बंदूक सरळ केली. आईचा हात माझ्या तोंडावर आला तो तेव्हा. शिपायाने नळीच्या टोकानेच झाकण उचलून पाडलं. वाऱ्याने वरची राख उडाली आणि आतलं लाल दिसलं. वरून, फटीतून, मलासुद्धा दिसलं. मग त्याची नजर कडी धरलेल्या हातावर गेली. त्या हातावर शिरा होत्या, केस होते, नखांत काजळी होती. चाळिशीच्या पुरुषाचा हात. शिपायाने टोपीतला चेहरा वाकून पाहिला. किती वेळ पाहिला मला सांगता येणार नाही. त्या वेळात मी मनातल्या मनात देवांची जेवढी नावं येत होती तेवढी सगळी घेतली, आणि मग नावंच संपली.

समोरचं दार धाडकन उघडलं. ठकूबाई उंबऱ्यात आली. दोन्ही हातांत मोकळी शेगडी धरलेली, ती तिने उचलून पुढे केली. तिला हिंदी येत नव्हतं. ‘‘बाळंतीण हाय रं बाबा! कवळं पोर हाय!’’ ती ओरडली. ‘‘इस्तू मागितलाय म्या, दुसरं काय न्हाई!’’ आतून ते रडणं आलं. आता ते रडणंही नव्हतं, नुसता कुरकुरल्याचा आवाज.

शिपाई त्या मोकळ्या शेगडीकडे बघत राहिला. मग खाली वाकला, पडलेलं झाकण उचललं आणि किटलीवर नीट बसवलं. सदूकाकाच्या टोपीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘जा, बेटा.’’ आणि आवाज उतरवून, ‘‘भागना मत. आगे दूसरे खडे हैं.’’

सदूकाका पळाला नाही. उरलेली गल्ली त्याने चालत ओलांडली. ते चालणं बघणं हे गोळीबार ऐकण्यापेक्षा वाईट होतं. प्रत्येक पावलाला मला वाटायचं, आता. आता. ठकूबाईने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लागलं. आईचा हात माझ्या तोंडावरून गळून पडला. आम्ही दोघी तशाच जमिनीवर बसून होतो. थोड्या वेळाने समोरच्या कौलांतून धुराची बारीक रेघ निघाली आणि राधामावशी भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागली.

त्या रात्री पुन्हा गोळीबार झाला. तोच शिपाई होता की दुसरे, कोण जाणे. ज्याने सदूकाकाला सोडलं त्यानेच कुणाला तरी मारलं असेल का, हा विचार मला मोठेपणी आला आणि मग गेला नाही. माणूस घाबरवणारा आणि वाचवणारा एकाच गणवेशात असू शकतो, हे कळल्यावर भीती कमी होत नाही. उलट तिला कुठे ठेवावं हेच समजत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारहाटासाठी करफ्यू थोडा वेळ उठला तेव्हा सदूकाका परत आला. उजव्या तळहातावर कडीचा वळ उठला होता, लालभडक, फुगलेला. आईने त्याला खोबरेल लावलं. चाळीतली माणसं दारात गोळा झाली, कुणी पाठ थोपटली, कुणी वाघ म्हणालं. ‘‘वाघ कसलो?’’ सदूकाका चिडून म्हणाला. ‘‘पोर म्हणान गेलंय, पोर म्हणान वाचलंय. जावा घराक.’’ आणि त्याने दार लावून घेतलं.

पोरगी जगली. यमुनावहिनीने तिला कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेला धरून वाढवली. पण केशव परत आला नाही. करफ्यू पुरता उठल्यावर चाळीतली माणसं इस्पितळांतून हिंडली आणि एका संध्याकाळी मान खाली घालून परतली. विस्तव गल्ली ओलांडत होता तेव्हा त्या पोरीचा बाप आधीच गेलेला होता, आणि गल्लीत कुणालाच ते माहीत नव्हतं. यमुनावहिनीचा हंबरडा मी ऐकला तो आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. सांगता येण्यासारखा तो नव्हता.

पुढच्या जानेवारीत आम्ही पोरांनी दाढ्या करायला घेतल्या. सदूकाकाकडे गेलो. त्याच्या मिशा परत आल्या होत्या, पण आता तो त्यांना पीळ देत नसे. त्या ओठांवर नुसत्या पडून असत. ‘‘औंदा नको,’’ तो म्हणाला. आम्ही हट्ट धरला. तेव्हा तो मला एकटीला म्हणाला, ‘‘अगो, अंधारात बसान भीती सांगूची आसता ना? माझी आता पोरांका सांगण्यासारखी रवली नाय.’’ त्यानंतर बुटक्यांची आगटी आमच्या चाळीत कधी झाली नाही. पोरं मोठी झाली, दुसऱ्या खेळांना लागली. बाबा सुटून आले, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजायला लागले, समोरच्या गल्लीत ती पोरगी चालायला लागली. सगळं जागेवर आल्यासारखं दिसत होतं.

आणि मग काही वर्षांनी खरंच महाराष्ट्र राज्य झालं. मे महिन्याची ती संध्याकाळ. लालबागला सगळीकडे तोरणं, घराघरावर पणत्या. आई नवं लुगडं नेसली होती. बाबांनी मला हाताला धरून नाक्यापर्यंत नेलं. ढोल, लेझीम, गुलाल. अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. यमुनावहिनीही दारात उभी होती, पोरीला कडेवर घेऊन, आणि मिरवणुकीकडे न बघता पणतीकडे बघत होती. मग फटाके सुरू झाले. माळाच्या माळा, बॉम्ब, सगळी गल्ली धुराने भरली.

सदूकाका कुठे दिसला नाही. मी परत वर गेले. त्याची खोली आतून बंद होती. ‘‘काका, मी गो,’’ म्हटल्यावर कडी निघाली. आत अंधार होता. त्याने खिडकीच्या फटीत कपडे कोंबले होते आणि तो कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला होता. खाली बॉम्ब फुटला तसं त्याचं सगळं अंग उडालं.

‘‘फटाके आहेत, काका,’’ मी म्हटलं. ‘‘आपलं राज्य झालं.’’

‘‘म्हायत आसा गो,’’ तो म्हणाला. ‘‘माका समाजता. ह्या अंगाक समाजणा नाय.’’

‘‘बाबांना बोलावू?’’

‘‘नको. दार लाव. हय बस.’’

मी दार लावलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. आता मी तेरा वर्षांची होते. बसल्या जागी माझा खांदा त्याच्या कानाशी आला. बाहेर सगळं लालबाग नाचत होतं. पुन्हा एक माळ कडाडली आणि त्याने चाचपडत माझा हात शोधला. मी तो दोन्ही हातांत धरला. प्रत्येक आवाजाला त्याची बोटं माझ्या बोटांवर आवळत होती, पुन्हा सैल होत होती, पुन्हा आवळत होती. खालून बाबांनी मला हाक मारली. दोनदा मारली. मी ओ दिली नाही.